पाच वर्षांची विद्या आणि पाण्याचा ताळेबंद

मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की पुढे काय, या प्रश्नाची काही ठरलेली उत्तरे आपल्या घरांतून ऐकू येतात. सी. ए., एम. बी. ए., वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण, परदेशातील नोकरी किंवा वडिलांच्या दुकानाची गादी. या उत्तरांची आपल्याला सवय आहे. परंतु एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘मला पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी या विषयात पीएच.डी. करायची आहे’ असे सांगितले, तर घरात क्षणभर कोणीच बोलत नाही. मग प्रश्न येऊ लागतात. किती वर्षे लागतील? हाती काय पडेल? तोवर लग्नाचे काय? नोकरी मिळेल याची हमी कोण देणार?

हे प्रश्न अनाठायी नाहीत. आईवडिलांनी ते विचारलेच पाहिजेत. मात्र बहुतेक वेळा त्यांची नीट उत्तरे मिळण्यापूर्वीच विषय संपतो आणि मुलगा निमूटपणे मिळेल ती नोकरी पत्करतो. म्हणून ही उत्तरे शक्य तितक्या स्पष्टपणे, आकड्यांसह मांडावीत, आणि आपल्या बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशाला अशा शिक्षणाची गरज का आहे, हेही सांगावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

एका गावाचे गणित

आरंभी एक साधा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. बीड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस होतो. आपण हात आखडून सहाशेच धरू. एक हजार हेक्टर शिवाराच्या गावावर या मापाने वर्षभरात सहाशे कोटी लिटर पाणी पडते. गावाची वस्ती दोन हजार धरली आणि दरडोई दररोज ५५ लिटर हे ‘जल जीवन मिशन’चे प्रमाण लावले, तर गावाला घरगुती वापरासाठी वर्षाला सुमारे चार कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे पडलेल्या पावसाच्या एक टक्क्याहूनही कमी. पाऊस निम्मा झाला, तरी ही गरज दीड टक्क्याच्या आतच राहते.

असे असूनही मार्च उजाडला की गावोगावी टँकरची मागणी सुरू होते. मग उरलेले अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्के पाणी जाते कोठे? काही बाष्प होऊन उडते, काही पिके घेतात, काही ओढ्यानाल्यांतून वाहून जाते आणि काही जमिनीत मुरते. यांपैकी कोणत्या खात्यात किती गेले, हे गावागणिक, जमिनीगणिक आणि पिकागणिक बदलते. उसाला पावसाचे धरून सुमारे दोन हजार मिलिमीटर पाणी लागते. पावसाचा वाटा वजा केला तरी तीन हेक्टर उसाला वरून दिले जाणारे पाणी आणि त्या दोन हजार लोकांचे वर्षाचे पिण्याचे व वापरण्याचे पाणी जवळपास सारखेच भरते.

हा झाला ढोबळ हिशेब. बँकेत कर्जप्रस्ताव तपासणाऱ्याला ठाऊक असते की ढोबळ हिशेबावर शंका घेता येते, निर्णय घेता येत नाही. निर्णयासाठी ताळेबंद लागतो, आणि तो ज्याच्या सहीने येतो त्या माणसाचे शिक्षण व सचोटी दोन्ही पाहावी लागते. पाण्याचा ताळेबंद करणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत. ही उणीव भरून काढण्याचा मार्ग म्हणजे आपण ज्याविषयी बोलत आहोत ते शिक्षण होय.

एका शास्त्राच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न

आता पाहा, या एका ताळेबंदासाठी किती शास्त्रांची गरज पडते. बीडची जमीन बेसाल्ट खडकाची आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा खडक तयार झाला. त्यातील काही थर घट्ट असतात, काही सच्छिद्र, झिजलेले आणि भेगाळलेले. पाणी राहते ते या झिजलेल्या थरांत आणि भेगांत. त्यामुळे एका बांधावरची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, असे दृश्य दिसते. या खडकाची साठवणूकही मर्यादित असते. तो पावसाळ्यात लवकर भरतो आणि उपसा सुरू झाला की लवकर रिकामा होतो. हे समजायला भूशास्त्र हवे.

पाणी किती मुरले हे कळले तरी ते पिण्यायोग्य आहे की नाही, त्यात नायट्रेट, क्षार किंवा जंतू किती, हे रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र सांगते. ते शुद्ध करण्याची यंत्रणा उभारणे हे अभियंत्याचे काम. शेतकरी कमी पाण्याचे पीक सोडून ऊस का लावतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, कारण उसाला कारखान्याचे गिऱ्हाईक आणि ठरलेला भाव आहे. विहीर किती खोल घ्यावी याला कायदा आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि साठ मीटर वा त्याहून खोल विहिरींवर त्याने बंधन आणले. तरीही विंधन विहिरी खोल खोल का जातात, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, त्यासाठी गावात जाऊन बसावे लागते. आणि पाण्याअभावी घराला कुलूप लावून ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारी आपल्या जिल्ह्यातील लाखो माणसे, त्यांच्या मुलांची शाळा आणि स्त्रियांचे आरोग्य हा समाजशास्त्राचा विषय होतो.

हे प्रश्न एकमेकांत किती गुंतलेले आहेत, याची दोन उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर घडली. लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण आपल्या केज तालुक्यातील धनेगाव येथे आहे. ते कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दुसरे उदाहरण परळीचे. तेथील औष्णिक विद्युत केंद्र कोळशावर चालते, पण कोळसा असूनही पाणी नसल्यामुळे २०१३ च्या दुष्काळात ते बंद ठेवावे लागले. शेतीचे पाणी, शहराचे पाणी आणि विजेचे पाणी अशी आपण कागदावर वेगवेगळी खाती केली, परंतु ती सारी एकाच तिजोरीतून भरली जात होती.

हे शास्त्र कसे घडले

निरनिराळ्या विद्याशाखा एकत्र आणण्याची ही कल्पना अगदी नवी नाही. अमेरिकेतील एलन स्वॉलो रिचर्ड्स या विदुषींनी १८७३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून रसायनशास्त्राची पदवी घेतली. त्या संस्थेत प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १८८७ पासून त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील नद्या, तलाव आणि विहिरींच्या पाण्याचे हजारो नमुने तपासून घेतले आणि पाण्यातील क्लोराइडचे नैसर्गिक प्रमाण कोठे किती, याचा नकाशा सिद्ध केला. एखाद्या ठिकाणी प्रमाण नकाशापेक्षा जास्त आढळले, की तेथे मानवी सांडपाणी मिसळत आहे असे ओळखता येई. प्रयोगशाळेतील रसायन, जमिनीचा नकाशा आणि लोकांचे आरोग्य यांची सांगड त्यांनी घातली. या विदुषींना त्या काळी डॉक्टरेट मात्र मिळाली नाही, कारण ती स्त्रीला देण्याची संस्थेची तयारी नव्हती.

आपल्या महाराष्ट्रात नागपूरला १९५८ मध्ये ‘केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था’ स्थापन झाली. पिण्याचे शुद्ध पाणी आणि सांडपाण्याची विल्हेवाट हा तेव्हाचा मुख्य विषय होता. १९७४ मध्ये तिचे नाव बदलून ‘राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था’ असे झाले. हीच आपल्या परिचयाची ‘नीरी’. या नामांतरात विषयाचा विस्तार दिसतो. नळ आणि गटार यांच्यापासून निघालेले शास्त्र हवा, माती, घनकचरा आणि हवामान येथवर पोहोचले. पवईच्या आय. आय. टी. मुंबईतही पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी या विषयाचे काम आरंभी केंद्राच्या स्वरूपात चाले. आज तो स्वतंत्र विभाग आहे. तेथे स्थापत्य, रसायन, जीवशास्त्र अशा वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे विद्यार्थी डॉक्टरेटसाठी येतात.

याच आय. आय. टी.मध्ये १९८५ पासून ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. तेथील कामाचा बीडशी थेट संबंध आला तो ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पा’मुळे. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव मिळून पंधरा जिल्हे घेतले गेले, त्यांत बीड होता. गावाचा पाऊस, मातीचा प्रकार, जमिनीचा उतार आणि पिके यांची माहिती घेऊन किती पाणी वाहून जाते, किती मातीत राहते आणि किती मुरते, याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आय. आय. टी.च्या चमूने तयार केली. या कामात पुढाकार घेणारे प्रा. मिलिंद सोहोनी मूळचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. गणनशास्त्रातील अतिशय अमूर्त अशा सिद्धान्तांवर त्यांचे संशोधन आहे. असा विद्वान गावाच्या विहिरीतील पाणी मोजण्याकडे वळतो, तेव्हा आंतरविद्याशाखीय या भारदस्त शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आंतरविद्याशाखीय म्हणजे सगळ्यांतले थोडे थोडे, असे नव्हे. तसे झाले तर तो माणूस कोणत्याच कामाचा राहत नाही. एका विषयात खोल उतरणे आणि बाकीच्या विषयांची भाषा समजण्याइतकी शिकून घेणे, हे या शिक्षणाचे सूत्र आहे. भूजलावर प्रबंध लिहिणाऱ्याने अर्थतज्ज्ञ व्हायचे नसते. पण अर्थतज्ज्ञ काय विचारतो आहे, आणि आपल्या उत्तरात त्याला काय उणे वाटेल, हे त्याला कळले पाहिजे.

प्रवेशापासून पदवीपर्यंत

आता प्रत्यक्ष मार्ग कसा आहे ते पाहू. एम. टेक., एम. ई. किंवा एम. एस्सी. झालेले विद्यार्थी या पीएच.डी.साठी अर्ज करू शकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांसह उत्तीर्ण झालेल्यांनाही थेट पीएच.डी.चा दरवाजा खुला झाला आहे. आय. आय. टी.सारख्या संस्थांचे स्वतःचे नियम असतात. ‘गेट’ परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी हा स्वतंत्र पेपर आहे. विद्यापीठांच्या वाटेने जायचे असेल तर ‘नेट’ परीक्षेचा मार्ग आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, म्हणजे मुंबईलाच गेले पाहिजे असेही नाही. नागपूरच्या नीरीतही संशोधन करून डॉक्टरेट मिळवता येते.

प्रवेशानंतर पहिले वर्ष साधारणतः अभ्यासक्रमाचे. त्यात परीक्षा असतात. मग मार्गदर्शकाच्या संमतीने विषय निश्चित करायचा, संशोधनाचा आराखडा समितीपुढे मांडायचा, आणि त्यानंतर खरे काम. पाण्याचे नमुने घ्यायचे तर किमान एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा गाठावा लागतो. पाऊस दगा देतो, एका वर्षाची नोंद अपुरी ठरते, दुसरे वर्ष घ्यावे लागते. मग विश्लेषण, संशोधनपर लेख, प्रबंधलेखन, बाहेरच्या परीक्षकांचे अभिप्राय आणि शेवटी मौखिक परीक्षा. विद्यापीठांच्या नियमांत किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांची मुदत आहे. अशा क्षेत्रीय कामाला पाच वर्षे लागतील असे धरूनच घराने तयारी करावी.

मुलींच्या बाबतीत नियम काही सवलती देतात. त्यांना मुदतीत दोन वर्षांची जादा वाढ मिळू शकते आणि संशोधनकाळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा घेता येते. लग्न झाले म्हणजे पीएच.डी. सुटलीच, असे समजण्याचे कारण नाही. लग्न ठरवताना समोरच्या कुटुंबाशी या विषयावर स्पष्ट बोलणे मात्र आवश्यक आहे. बायोडाटात ‘पीएच.डी. चालू’ असे लिहायचे आणि लग्नानंतर तो विषय काढायचा नाही, ही रीत दोन्ही घरांना शोभणारी नाही.

पैशाचा हिशेब

‘ज्युनिअर रिसर्च फेलोशिप’ मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. हे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू आहेत. पाच वर्षांचा हिशेब केला तर पहिल्या दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार आणि पुढील तीन वर्षांचे १५ लाख १२ हजार, मिळून २४ लाख रुपये होतात. घरभाडे भत्ता मिळाल्यास तो वेगळा. त्याच विद्यार्थ्याला नोकरीत सरासरी साठ हजार रुपये दरमहा मिळाले असते असे गृहीत धरले, तर पाच वर्षांत ३६ लाख झाले असते. म्हणजे या विद्येची किंमत, गमावलेल्या उत्पन्नाच्या रूपाने, सुमारे बारा लाख रुपये. शैक्षणिक कर्ज काढावे लागत नाही, व्याज भरावे लागत नाही. आपल्या समाजातील एखाद्या बेताच्या विवाहसमारंभाला याहून अधिक खर्च होतो, हे आपण सर्व जाणतो.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ही विद्यावृत्ती सर्वांना मिळत नाही. पुष्कळ ठिकाणी ती न मिळताही प्रवेश मिळतो, आणि अशा वेळी पाच वर्षे घरच्या पैशांवर काढावी लागतात. माझे स्पष्ट मत आहे की विद्यावृत्तीशिवाय हा मार्ग धरू नये. एक वर्ष थांबून परीक्षा पुन्हा द्यावी. मंजूर झालेली रक्कमही ठरल्या तारखेला हाती पडेलच असे नाही, म्हणून चार-सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद असावी. आपल्या समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि त्यामुळे ‘मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप’चा लाभ आपल्या संशोधकांनाही खुला झाला होता. ती योजना २०२२-२३ पासून केंद्र सरकारने बंद केली. तो आधार आता नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

पदवीनंतर काय, याचे उत्तर पूर्वीपेक्षा आज बरे आहे. विद्यापीठे व संशोधन संस्था आहेतच. प्रदूषण नियंत्रण मंडळ, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, सल्लागार कंपन्या, कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रिया विभाग हीही क्षेत्रे आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘सेबी’ने पर्यावरणविषयक अहवाल सक्तीचा केला आहे. या कंपन्यांना पाणी, कचरा आणि उत्सर्जन यांचे आकडे मोजणारी व पडताळणारी माणसे लागतात. तरीही नोकरीची हमी नाही, आणि ती आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

धोके आणखीही आहेत. मार्गदर्शकाशी न जुळणे हा त्यांतील सर्वांत मोठा. प्रवेश घेण्यापूर्वी त्या मार्गदर्शकाच्या दोन-तीन आजी-माजी विद्यार्थ्यांशी बोलावे. किती जणांचे प्रबंध किती वर्षांत पूर्ण झाले, हे विचारावे. कर्जदाराची परतफेडीची जुनी नोंद पाहिल्याशिवाय आपण कर्ज देत नाही. येथे तर आपण आपल्या मुलाची पाच वर्षे देत असतो.

आपली परंपरा काय सांगते

पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती आणि हालचाल करणारे जीव अशा सहा प्रकारच्या जीवनिकायांची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. पाण्यात जीव आहेत एवढेच आपण मानत नाही, तर पाणी हेच ज्यांचे शरीर आहे अशा अप्कायिक जीवांचाही विचार करतो. पाणी गाळून पिण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. तिचा दुसरा भाग आपण विसरत चाललो आहोत. गाळलेल्या कपड्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हळुवारपणे परत पोहोचवायची, असा दंडक होता. ज्याचे स्थान जेथे, त्याला तेथेच नेऊन सोडायचे. नळ आला आणि या दंडकाला जागा उरली नाही, कारण आपले पाणी कोणत्या धरणातून, कोणत्या गावाच्या वाट्यातून येते, हेच आपल्याला माहीत नसते.

आपल्या पूर्वजांना आधुनिक विज्ञान ठाऊक होते, असा दावा मी करणार नाही. तसे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याने धर्माचेही भले होत नाही आणि विज्ञानाचेही. मात्र पाणी कोठून आले आणि परत कोठे जाणार, याची जबाबदारी वापरणाऱ्यावर आहे, ही दृष्टी आपल्या आचारात होती. तिला आज मोजमापाची जोड हवी आहे. अनेकान्ताची शिकवणही येथे उपयोगी पडते. प्रत्येक नय वस्तूची एक बाजू दाखवतो; ती बाजू खरी असते, पण पूर्ण नसते. भूशास्त्रज्ञाचा, अभियंत्याचा, अर्थतज्ज्ञाचा आणि ऊसतोड कामगाराचा नय एकत्र ठेवून विचार करण्याची सवय लागणे, हीच या डॉक्टरेटची खरी साधना होय.

समाजाने काय करावे

दुष्काळात आपला समाज मागे राहत नाही. चारा छावण्या, पाण्याचे टँकर, अन्नछत्र यांत आपले दानशूर बंधू-भगिनी पुढे असतात. बीड जिल्ह्याचेच सुपुत्र शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने २०१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढण्याचे काम हाती घेतले. पुढे गाळ काढणे हा शासनाच्या योजनांचाही भाग झाला. हे काम अभिमानास्पद आहे. परंतु गाळ काढल्यानंतरचे प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत. किती वर्षांत तलाव पुन्हा भरतो? गाळ कोणत्या उतारावरून, कोणत्या पिकांखालच्या जमिनीतून वाहून येतो? गाळ टाकलेल्या शेताचे उत्पन्न किती वाढले आणि ते किती वर्षे टिकले? खालच्या अंगाच्या विहिरींचे पाणी वाढले का? या प्रश्नांची उत्तरे पोकलेन देत नाही. एखाद्या संशोधकाने चार-पाच वर्षे त्याच तलावांवर खेपा घालून, मोजून, लिहून ठेवली तरच ती मिळतात.

उत्तरे नसतील तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. राज्यात जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च झाले, आणि २०२० मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात नोंदवले की टंचाई दूर करण्याचे आणि भूजल वाढवण्याचे उद्दिष्ट अपेक्षेप्रमाणे साधले गेले नाही. खोदकामाला पैसा मिळतो, मोजणीला मिळत नाही. दानाचेही तसेच आहे. यंत्राच्या डिझेलसाठी देणगी सहज मिळते. पाणी मोजणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चासाठी मागितली तर लोक आश्चर्याने पाहतात.

आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशा चार दानांत ज्ञानदानाला आपल्याकडे मानाचे स्थान आहे. शिक्षणाची परंपरा आपल्या जिल्ह्यातही आहे. आष्टी तालुक्यातील कडा येथील अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळासारखी संस्था याची साक्ष देते. या परंपरेला पुढची पायरी जोडणे फार अवघड नाही. माझ्या अल्प मतीप्रमाणे तीन गोष्टी करता येतील.

पहिली, तालुका वा जिल्हा पातळीवरील संघाने किंवा ट्रस्टने एक छोटा पूरक निधी ठेवावा. विद्यावृत्ती उशिरा आली तर तेवढ्या महिन्यांसाठी बिनव्याजी उसनी रक्कम, नमुने तपासण्याचे शुल्क आणि गावोगावच्या प्रवासाचा खर्च त्यातून द्यावा. रक्कम मोठी लागत नाही, वेळेवर लागते. निधीचा वार्षिक हिशेब मासिकातून छापावा, म्हणजे देणाऱ्याचा विश्वास राहील. मदत आपल्याच समाजातील विद्यार्थ्यांपुरती नसावी. पाणी एकच आहे, तेव्हा त्यावर काम करणारा ऊसतोड कामगाराचा मुलगाही तितकाच आपला आहे.

दुसरी, शहरांतील आपल्या जैन बोर्डिंगांतून आणि धर्मशाळांतून संशोधक विद्यार्थ्यांसाठी एखादी खोली राखून ठेवावी. पदवीच्या विद्यार्थ्यांना आपण जागा देतो, पण वयाची पंचविशी ओलांडलेल्या संशोधकाला नियमात बसत नाही म्हणून परत पाठवतो. तो नियम बदलावा.

तिसरी गोष्ट व्यापारी बांधवांसाठी. बीड, गेवराई, माजलगाव, आष्टी, परळीच्या बाजारपेठांत आपली कापडाची, किराण्याची, बी-बियाणांची आणि कापसाची दुकाने आहेत. पाऊस गेला की उधारी थकते आणि दिवाळीचा बाजार उठतो, हे आपल्याइतके कोणाला कळते? पाण्याचा प्रश्न शेतकऱ्याचा आणि आपण केवळ मदत करणारे, असे नाही. आपल्या गल्ल्यातील प्रत्येक रुपया त्याच विहिरीशी बांधलेला आहे. कोणी संशोधक विद्यार्थी दुकानावर आला आणि किती शेततळ्यांचे प्लॅस्टिक विकले, कोणत्या वर्षी कोणते बियाणे किती गेले असे विचारू लागला, तर त्याला जुन्या वह्या दाखवाव्यात. त्या वह्यांत जिल्ह्याच्या शेतीचा असा इतिहास आहे जो कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही.

पालकांना शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते. मुलाला किंवा मुलीला तीन प्रश्न विचारा. तुझा प्रश्न कोणता, तो दोन वाक्यांत सांग. विद्यावृत्ती कोणती आणि ती किती वर्षांची? मार्गदर्शक कोण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांशी तू बोललास का? या तिन्हींची उत्तरे ठाम मिळाली, तर पुढचा हिशेब वर दिला आहे. कागद घेऊन घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे आणि आपले आकडे त्यात घालावेत. उत्तरे मिळाली नाहीत, तर सहा महिने थांबा आणि पुन्हा विचारा. मात्र ‘हे आपल्या घरात कोणी केले नाही’ एवढ्याच कारणावरून नकार देऊ नका. आपल्या घरातील पहिल्या सी. ए.च्या वेळीही कोणी तरी असेच म्हटले असेल.